माहेरचं आडनाव : एका गोलंदाजाच्या लग्नाच्या शोधाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

आईच्या पेटीतला तो कागद आज एकदाचा स्कॅन केला. घडीवर फाटलाय, मागून कोणीतरी डिंकानं पातळ कागद चिकटवलाय. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातला उतारा. साल १८६४, ठिकाण अहमदनगर. मुलीचं नाव, बापाचं नाव-आडनाव, बापाचा धंदा 'गनर, रॉयल आर्टिलरी', म्हणजे ब्रिटिश तोफखान्यातला गोलंदाज, तोफ डागणारा शिपाई. आईच्या रकान्यात नुसतं पाळण्यातलं नाव.

ही मुलगी म्हणजे माझ्या आजीची आजी. पुढे नगरच्याच एका मराठी ख्रिस्ती घरात दिली, नवरा मिशनच्या शाळेत मास्तर. तिथून पुढचं सगळं घराला पाठ आहे. मागचं मात्र एका वाक्यात संपायचं. आजी म्हणायची, "आपल्यात एक गोरा गोलंदाज होता." एवढंच. गोलंदाजाच्या बायकोबद्दल कोणीच काही बोलायचं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तर "असेल कोणी मड्डम" असं उत्तर मिळालं.

काम ठरवलं : या दोघांचं लग्न शोधायचं. लग्नाची नोंद मिळाली की बाईचं माहेरचं आडनाव मिळेल.

घरातल्यांची नावं या नोंदींत लिहिणार नाही. त्या आडनावाची माणसं अजून आहेत. त्याला गोलंदाज म्हणतो, तिला बाई म्हणतो. तिचं नाव असं की तेव्हाच्या दर तिसऱ्या बाईचं तेच असावं.

१४ जून, शनिवार

भाची लंडनला असते. तिला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. ती म्हणाली, "मामा, आधी फुकटातलं संपव, मग मी शनिवार खर्च करते." रास्त आहे.

फुकटातलं म्हणजे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरची भारतातल्या लग्नांची सूची. गोलंदाजाचं आडनाव टाकलं, १८५० ते १८६४. तीन जण निघाले. एक मद्रासचा, एक कलकत्त्याचा कारकून, एक लग्नाच्या वेळी ५१ वर्षांचा विधुर. आपला कोणीच नाही.

मग मनात आलं, लग्न करूनच आला असेल तर? इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी आहे आणि तिच्या सूच्या तिमाहीवार लावलेल्या असतात : मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. सूचीत तारीख नसते. तिमाही, जिल्हा, खंड आणि पान एवढंच. दिवसभर बसून १८५५ ते १८६३ चाळलं. १८५९ मध्ये वुलिचच्या भागात एक जोडी मिळाली. दोघांचीही नावं तंतोतंत आपली. आणि वुलिच म्हणजे रॉयल आर्टिलरीचं माहेरघर! उडीच मारली. दाखल्याची मागणी करून टाकली, साडेबारा पौंड. लग्नाच्या दाखल्याची पीडीएफ मिळत नाही, कागद टपालानं येतो. भाचीचा पत्ता दिला.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात आहेत, बाहेर पडायची सोय नाही. घरात बसून वाचलं ते टिपून ठेवतो.

गोऱ्या शिपायाला लग्न करायचं तर कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागायची. परवानगी मिळाली तर बायको पटावर, म्हणजे तिला बराकीत जागा, शिधा, प्रवासात जहाजावर जागा. न विचारता केलं तर ती पटाबाहेर. मग तिचं ती बघेल. पटावर किती बायका घ्यायच्या याचंही माप ठरलेलं. परदेशी निघालेल्या पलटणीत साधारणपणे शंभर शिपायांमागे सहा, हिंदुस्थानला जायचं असेल तर बारा.

बँकेत ३१ वर्षं काढली, म्हणून असेल, पण मला यातून लगेच खतावणी दिसली. ज्याचा खर्च सरकारच्या डोक्यावर, त्याची नोंद. बायकोचा शिधा सरकार देतं, तर बायको कागदावर येणार. म्हणजे ही बाई सापडली तर ती पैशाच्या वाटेनं सापडेल.

२८ जून, शनिवार

वुलिचचा दाखला आला. भाचीनं फोटो पाठवला. नवरा 'सोल्जर' आहे खरा, पण वधूचा बाप केंट परगण्यातला खाटीक, आणि नवऱ्याचा बाप शेतमजूर. हे काही सिद्ध करत नाही, खोडतही नाही. तरी माझं मन त्या खाटकावर बसलं होतं. दोन दिवस मी त्याला पूर्वज मानून चाललो.

मग भाचीनं एक प्रश्न विचारला आणि माझा फुगा फुटला. "मामा, १८६४ ला तो रॉयल आर्टिलरीत आहे. पण त्याआधी कुठे होता?"

हे मला सुचायला हवं होतं. १८६१ पर्यंत हिंदुस्थानात दोन प्रकारचं गोरं सैन्य होतं. एक राणीचं, ते येऊन-जाऊन. दुसरं कंपनीचं स्वतःचं, कायम इथेच राहणारं. मुंबई इलाख्याच्या कंपनीच्या तोफखान्याचं नाव बॉम्बे आर्टिलरी. १८५८ साली कंपनीचा कारभार राणीकडे गेला आणि मग तिचं गोरं सैन्यही राणीच्या सैन्यात मिसळलं. बॉम्बे आर्टिलरीतला गोलंदाज एका सकाळी उठला तो रॉयल आर्टिलरीत. टोपीवरचा बिल्ला बदलला असेल, तोफ तीच.

नगर हे तोफखान्याचं जुनं ठाणं. शहरात आजही तोफखाना नावाचा भाग आहे. मी तिथे मावशीकडे सुट्टीत जायचो आणि नावाचा विचार कधी केला नव्हता.

म्हणजे कागद दोन घरांत विभागलेले. राणीच्या शिपायांचे लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, वॉर ऑफिसच्या म्हणजे 'डब्ल्यूओ'च्या दप्तरात : निवृत्तीचे कागद डब्ल्यूओ ९७ मध्ये, तोफखान्याची मस्टरं म्हणजे हजेरीपट डब्ल्यूओ १० मध्ये. (पायदळ आणि घोडदळाची डब्ल्यूओ १२ मध्ये. मी आठवडाभर १२ मध्ये शोधायच्या बेतात होतो.) कंपनीच्या शिपायांचे ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात : एल/मिल/९ मध्ये भरती आणि जहाजांच्या याद्या, एल/मिल/१२ मध्ये मुंबई इलाख्याचे पट.

डब्ल्यूओ ९७ ची सूची पाहिली, तो नाही. त्यात काही नवल नाही. १८८३ पूर्वीचे तिथले कागद पेन्शन घेऊन सुटलेल्यांचे आहेत. नोकरीतच मेला त्याची फाइल तिथे येत नाही.

१२ जुलै, शनिवार

भाचीनं ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास काढला. आत पेन न्यायला बंदी, पेन्सिलच. इथे साडेचार तास पुढे असल्यामुळे मी जेवून फोन हातात धरून बसलो होतो.

सापडला! कंपनीच्या तोफखान्याच्या पटावर, १८५३ पासून. जन्मगाव बेलफास्ट, पूर्वीचा धंदा विणकर. १८५९ च्या पटावरही आहे, इथेच. म्हणजे वुलिचला बोहल्यावर उभा राहिलेला तो दुसराच. खाटकाला निरोप दिला. साडेबारा पौंड अक्कलखाती.

१८५९ ची गंमत अशी की कंपनीच्या गोऱ्या शिपायांनी तेव्हा मोठं भांडण काढलं होतं. म्हणणं असं : आम्ही कंपनीशी करार केला, तुम्ही आम्हाला न विचारता राणीकडे कसे वर्ग करता? एक तर नव्यानं भरतीचा बक्षिसी पैसा द्या, नाहीतर सोडा. शेवटी सरकारनं सुटायची मुभा दिली आणि दहा हजारांहून जास्त जण घरी गेले. आपला गेला नाही. का गेला नाही याचा रकाना पटावर नसतो.

२ ऑगस्ट, शनिवार

आता मुख्य काम, चर्चची रजिस्टरं. हा रस्ता समजून घेतला नाही तर माणूस चुकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाद्री लग्न लावतो, चर्चच्या रजिस्टरात लिहितो. त्या रजिस्टराची नक्कल मुंबईला जाते. मुंबईला कारकून सगळ्या ठाण्यांच्या नकला मोठ्या ग्रंथात पुन्हा उतरवतो आणि तो ग्रंथ बोटीनं लंडनला. लंडनमधले हे ग्रंथ म्हणजे 'एन' मालिका : एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. आज स्क्रीनवर जे दिसतं ते या ग्रंथांचं छायाचित्र, आणि शोधायची सूची म्हणजे त्यावरून कोणीतरी टाइप केलेली. पाद्री, मग कारकून, मग टायपिस्ट, इतक्या हातांतून ते आडनाव आपल्यापर्यंत येतं.

गोलंदाजाच्या आडनावानं एन/३ मध्ये १८५३ ते १८६४ लग्न नाहीच.

भाचीची युक्ती : लग्न सोड, पोरं शोध. नुसत्या बापाच्या पहिल्या नावानं आणि आईच्या पहिल्या नावानं, आडनावाचा रकाना मोकळा, ठिकाण नगर. संध्याकाळपर्यंत तीन बाप्तिस्मे जमले : १८६१, १८६४ (आपला कागद) आणि १८६६. तिन्हीत बाप गनर. १८६१ च्या नोंदीत आडनाव 'सी' ऐवजी 'के'नं सुरू होतं आणि शेवटचं अक्षर एक नाही, दोन आहेत. उच्चारून पाहिलं तर तेच! पाद्र्यानं कानाला लागलं तसं लिहिलं. बेलफास्टच्या विणकराचा उच्चार आणि इंग्लिश पाद्र्याचा कान, दुसरं काय होणार.

'के'नं लग्न शोधलं. अर्ध्या मिनिटात. १८६०, अहमदनगर.

मी खुर्चीतून उठलो. आई विचारायला लागली, पाकीट सापडलं का म्हणून. (परवा हरवलं होतं.)

३ ऑगस्ट, रविवार

काल नीट झोप नाही. आज नोंद शांतपणे वाचली.

वर, वय २७, बॅचलर, गनर. वधू, वय २२. चर्चमध्ये तीनदा पुकारा करून लग्न. साक्षीदार दोन, त्यातला एक गनर. खाली वराची सही. कित्येक मिनिटं त्या सहीकडे बघत होतो. 'के'चा पाय लांब ओढलेला. वधूच्या नावाशी फुली, आणि फुलीच्या दोन बाजूंना 'हर' आणि 'मार्क', म्हणजे 'तिची खूण'.

मग शेजारची नोंद पाहिली. तिथल्या वराच्या सहीतही तसाच लांब पाय. त्याच्या वरच्या पाद्र्याच्या सहीतही. सगळं पान एकाच हातचं, मुंबईच्या कारकुनाचं. सही त्याची, फुलीही त्याचीच. गोलंदाजाच्या हातचं काही माझ्याकडे नाही. तरी ती फुली महत्त्वाची, कारण मूळ रजिस्टरात फुली होती म्हणूनच कारकुनानं ती काढली. म्हणजे बाईला लिहिता येत नव्हतं, आणि त्याला येत होतं.

वधूचं आडनाव आहे. वधूच्या बापाचं नावही आहे. १८५० च्या दशकापासून या नोंदींत दोन्ही बापांची नावं येऊ लागली. बापाचं आडनाव वधूचंच. काम झालं. आईला सांगितलं, तिनं ते आडनाव दोनदा म्हणून पाहिलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

काम झालेलं नाही.

दोन आठवडे मी त्या आडनावाच्या मुलीचा बाप्तिस्मा शोधत होतो, १८३६ ते १८४०, तिन्ही इलाख्यांत. काही नाही. आज भाचीला चित्र पाठवलं तर तिचा लगेच फोन.

"मामा, तू फोटो कापलास का?"

कापला होता. मोबाइलवर मोठा दिसावा म्हणून कडा छाटल्या होत्या. त्या छाटलेल्या पट्टीत एक अरुंद रकाना होता, 'कंडिशन'. वरासमोर 'बॅचलर'. तो मी पहिल्या दिवशी वाचला होता. वधूसमोरचं वाचलंच नव्हतं, कारण २२ वर्षांच्या मुलीसमोर 'स्पिन्स्टर', म्हणजे अविवाहित, असंच असणार असं मी गृहीत धरलं.

'विडो.'

म्हणजे ते आडनाव तिच्या पहिल्या नवऱ्याचं. आणि बापाच्या रकान्यात तेच आडनाव कसं? नक्कल करताना कारकुनानं बापाचं पहिलं नाव उतरवलं आणि लेकीचं आडनाव त्याला जोडून दिलं. बापाला मुलीच्या सासरचं आडनाव लावलं! पेन्शनच्या फायलींत मी असल्या चुका शेकड्यांनी दुरुस्त केल्या आहेत, आणि घरच्या फायलीत फसलो.

बावीस वर्षांची विधवा. आपल्याकडच्या मानानं तेव्हा काही विशेष नाही. पण गोऱ्यांत विधवेचं लगेच दुसरं लग्न व्हायचं, हा फरक. त्यालाही खर्चाचंच कारण. नवरा मेला की बायकोचं नाव पटावरून उतरायला फार दिवस लागत नसत. बराकीतली जागा गेली, शिधा गेला, आणि मायदेश चार महिन्यांच्या बोटीवर. पलटणीत बायका थोड्या, बिनलग्नाचे शिपाई उदंड. तीन-तीन लग्नं झालेल्या बाया या रजिस्टरांत भेटतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिला नवरा शोधायचा. आडनाव हातात आहे, मरण १८६० च्या आधी. एन/३ च्या दफनाच्या नोंदींत पुरुष नाही. मूल मात्र आहे. १८५७, पुणे, अकरा महिन्यांचा मुलगा, बाप 'प्रायव्हेट, थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट'. आईचं नाव दफनाच्या नोंदीत नसतं. पण आडनाव असं आडवळणी की दुसरं कोणी नसावं.

थर्ड बॉम्बे युरोपियन. कंपनीनं १८५३ मध्ये पुण्यात उभारलेली पलटण. पुढे राणीच्या सैन्यात तिला १०९ नंबर मिळाला आणि १८८१ मध्ये ती लेन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. पण तिचं नाव मला दुसरीकडून ओळखीचं होतं. सर ह्यू रोझच्या सेंट्रल इंडिया फील्ड फोर्समध्ये ही पलटण होती. ३ एप्रिल १८५८ ला झाशीच्या तटाला शिड्या लागल्या, त्या लावणाऱ्यांत ही होती.

आई शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाशीची राणी झाली होती. पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बांधलेली बाहुली. तो फोटो अजून भिंतीवर आहे, फोनच्या चार्जरच्या बरोबर वर. भाचीला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तो आपला कोणी लागत नाही, मामा. तो पहिला नवरा." हिशोबानं बरोबर आहे. त्याचं रक्त आमच्यात नाही. तरी चार्जर लावताना आता मी फोटोकडे बघत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत भाचीला आणि मला दोघांनाही वेळ नव्हता. आमच्या गल्लीचा मांडव आमच्याच दारात असतो.

आज एल/मिल/१२ मधली मृतांची यादी निघाली. मोहिमेत मेलेल्यांची दफनाची नोंद बहुधा नसते, कारण पाद्री कुठून यायचा. पण पगार बंद करायचा असतो, म्हणून मृत्यूची यादी असते. पुन्हा तेच, खतावणी. प्रायव्हेट अमुक, मे १८५८, काल्पीच्या वाटेवर, कारण उष्माघात. ७ मे ला कुंचची लढाई झाली तेव्हा गोरे शिपाई गोळीपेक्षा उन्हानं जास्त कोसळले होते, मग २२-२३ मे ला काल्पी. हा त्या दोन तारखांच्या मधे गेला.

बायको तेव्हा वीस वर्षांची, पोर आदल्या वर्षी गेलेलं.

कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या विधवांसाठी लॉर्ड क्लाइव्हचा फंड होता. मीर जाफरनं मरताना क्लाइव्हला ठेवलेले पाच लाख रुपये, त्यातून १७७० मध्ये उभा केलेला. त्याच्या वह्या एल/एजी/२३ मध्ये आहेत. भाचीनं तीन वर्षांच्या वह्या पाहिल्या, ही बाई त्यांत नाही. तिनं दुपारी फोनवर सांगितलं तेव्हा मला जरा रागच आला. कोणाचा ते सांगता येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिलं लग्न. पलटण पुण्याची, म्हणून सेंट मेरीज चर्च धरून चाललो होतो, कॅम्पातलं, १८२५ मध्ये बिशप हेबरनं प्रतिष्ठापना केलेलं. लहानपणापासून त्याच्यावरून जातो. पण नाही. लग्न निघालं १८५४ चं, भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चमधलं. वर पुण्याहून मुंबईला लग्नाला गेला.

वधू १६ वर्षांची, स्पिन्स्टर (या वेळी सगळे रकाने वाचले, दोनदा). राहण्याचं ठिकाण भायखळा. आणि बापाचं नाव, पहिलं नाव तेच जे १८६० मध्ये होतं, पुढे खरं आडनाव.

हे माहेरचं आडनाव. जूनपासून शोधत होतो ते.

सोळा वर्षांची मुलगी, राहणार भायखळा, नवरा पुण्याचा शिपाई. यावरून एका जागेकडे बोट जातं : बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा. १८१५ मध्ये निघालेली संस्था, गोऱ्या शिपायांच्या पोरक्या आणि गरीब मुलांसाठी. तिथे निव्वळ गोऱ्यांची मुलं होती तशी तेव्हाच्या भाषेत 'इंडो-ब्रिटन' म्हणत ती, म्हणजे बाप गोरा आणि आई इथली, अशीही होती. मुली वयात आल्या की त्यांना स्थळं बघितली जात. मात्र शाळेत वाढलेल्या मुलीला सहीच्या जागी फुली का काढावी लागली, हे मला छळतंय. १८५४ च्या नोंदीतही फुलीच आहे. कदाचित ती शाळेत नव्हतीच, कोणाच्या तरी घरी कामाला होती. भायखळा हा शब्द दोन्हीला पुरतो. शाळा असं वहीत पेन्सिलनंच लिहिलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

बाप्तिस्मा शोधायला आता अडचण नव्हती. माहेरचं आडनाव, बापाचं नाव, साल १८३८ च्या आसपास. 'सी' आणि 'के'चा धडा घेतलेला, म्हणून आडनावाची चार रूपं आधीच लिहून ठेवली होती. तिसऱ्याला सापडलं.

१८३८, अहमदनगर. बाप 'गनर, बॉम्बे आर्टिलरी'. म्हणजे बापही गोलंदाज, आणि दुसरा नवराही त्याच ठाण्यातला, वीस-बावीस वर्षांनंतरचा. विधवा झाल्यावर ती जन्मगावी परत आली असणार.

आईचा रकाना मी शेवटी वाचला. नाव नाही. तिथे कारकुनानं, त्याच गोल, सारख्या अक्षरात लिहिलंय : 'अ नेटिव्ह वुमन'.

पान पूर्ण पाहिलं. त्या पानावर नऊ बाप्तिस्मे आहेत. चार आयांसमोर हेच शब्द. चौथ्यापर्यंत येताना कारकून कंटाळला, 'नेटिव्ह'चं त्यानं नुसतं 'नेट' केलं आणि वर एक टिंब दिलं.

गोऱ्या बायकोला पटावर जागा, शिधा, बोटीवर जागा. देशी बाईला पलटण विलायतेला निघाली की बंदरावर सोडून देत. तिच्यासाठी कोणाच्या वहीत खर्च पडत नव्हता, तर नाव कोण लिहील.

रात्री आईला सगळं सांगितलं, नावांसकट, एकेक पिढी बोटावर मोजून. मी, माझी आई, तिची आई, तिची आई, १८६४ ची मुलगी, दोन लग्नांची बाई, आणि ही. मधे एकही पुरुष नाही. आई ८७ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण हे नीट ऐकलं.

"म्हणजे मड्डम नव्हतीच," आई म्हणाली. मग बराच वेळानं, "नगरचीच का रे ती? की बापाबरोबर दुसरीकडून आली?"

सांगितलं, बघतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

पुढची कामं.

बापाच्या तुकडीचा १८३५ ते १८३८ चा पट एल/मिल/१२ मधून काढायचा. नगरच्या आधी ती कुठे होती ते त्यातून कळेल. भाचीला पुढचा शनिवार मोकळा आहे.

१८३८ च्या आधीची त्याच बापाची आणखी मुलं एन/३ मध्ये शोधायची. दुसऱ्या पाद्र्यानं आईचा रकाना वेगळा भरला असेल. बाईचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला असेल तर ख्रिस्ती नाव मिळेल. मोठ्या वयाच्या देशी बायकांचे बाप्तिस्मे त्याच रजिस्टरांत असतात, त्यामुळे १८३० ते १८४५ नगरची सगळी पानं ओळीनं वाचायची, सूचीवर विसंबायचं नाही.

वुलिचचा दाखला फाइलमधून काढला नाही. वर लाल पेन्सिलनं 'आपला नव्हे' लिहिलंय.